रुपचंदच्या वाट्याचे रोट

विमान कंपनीचे सामानाविषयीचे नियम मी छापून घेतले होते आणि महत्त्वाच्या ओळी तांबड्या शाईने अधोरेखित केल्या होत्या. मोठी बॅग पंधरा किलोंची, हातातली सात किलोंची. त्यावर जे भरेल त्याला दर किलोमागे शुल्क. तेही घरी बसून आगाऊ भरले तर कमी, विमानतळावर भरले तर जास्त. कोरडे खाद्यपदार्थ दोन्ही बॅगांत चालतात. लोखंडी वस्तू हातातल्या बॅगेत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत चालतात. यात समजायला अवघड असे काहीच नव्हते. म्हणूनच जळगाव विमानतळावर माझी मोठी बॅग काट्यावर चढली आणि आकडा साडेसोळाच्या पुढे गेला, तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीला शांतपणे म्हणालो, "तुमचा काटा तपासून घ्या."

"सकाळीच तपासलाय, नाना." तिच्या छातीवरच्या पट्टीवर मिसबाह असे नाव होते. "हातातली पण ठेवा."

हातातली बॅगही जवळपास आठ किलो भरली.

"शेजारच्या काट्यावर घ्या," मी म्हणालो.

तिने दोन्ही बॅगा शेजारच्या काट्यावर घेतल्या. आकडे तेच आले. माझ्यामागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थाने विचारले, "बाबा, घरच उचलून आणलं का?" दोघे-तिघे हसले.

मी बाजूला झालो आणि गिरधरला फोन लावला. गिरधर माझा धुळ्याच्या तंत्रनिकेतनातला वर्गमित्र. स्थापत्याची पदविका आम्ही एकाच बाकावर बसून मिळवली. मी पाटबंधारे खात्यात गेलो, तो सावद्याला परत जाऊन वडिलांच्या केळीच्या व्यापारात शिरला. विमान सकाळचे असल्याने सोनगीरहून निघून आदल्या रात्रीचा मुक्काम मी त्याच्याकडे केला होता, आणि त्याच्याच वखारीतल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बॅगा मोजल्या होत्या. एकीवर पंधरा आणि दुसरीवर सात हे आकडे दिसेपर्यंत मी सामान काढत-घालत राहिलो होतो. सकाळी त्याच्या माणसाने मला गाडीतून इथे सोडले आणि तो पुढे निघून गेला.

"अरे पंडित, तो काटा केळीचा!" गिरधर फोनवर म्हणाला. "आम्ही घड दांड्यासकट मोजतो आणि दांड्याचं वजन कापतो. दरवेळी हिशेब नको, म्हणून काटाच तसा लावून ठेवलाय. दांडा कापूनच आकडा दाखवतो तो. तुझ्या बॅगेला दांडा नाही, हे त्याला कसं कळणार?"

"मग काल सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का? तू तर वाकून पॉइंटाच्या पुढचे आकडे वाचत होतास. मला वाटलं, डिप्लोमावाला माणूस, आपण मध्ये बोलू नये."

तो हसत होता. मी फोन ठेवला आणि परत काउंटरशी गेलो. चूक माझी होती. तिचे शुल्क भरण्याची माझी तयारी होती. मी पाकीट काढले.

"आज पैसे घेता येणार नाहीत, नाना," मिसबाह म्हणाली.

"म्हणजे?"

"विमान छोटं आहे आणि पूर्ण भरलंय. हैदराबादला हवा खराब आहे. उतरता आलं नाही तर दुसरीकडे जावं लागेल, म्हणून इंधन जास्त घेतलंय. तेवढं वजन सामानातून कमी केलंय. आज कुणाचंच जास्तीचं सामान चढणार नाही. पैसे भरून पण नाही."

मी वाद घालू शकलो असतो. मागच्या गृहस्थांनी घातलाही. त्यांच्याकडे केळीच्या वेफर्सचा एक खोका जास्तीचा होता. पण माझी अडचण अशी की मला तिचे म्हणणे पूर्ण पटले. धावपट्टीची लांबी ठरलेली, इंजिनाची ताकद ठरलेली, इंधन वाढले तर दुसरे काहीतरी कमी व्हायलाच हवे. ज्या माणसाने आयुष्यभर भार मोजूनच काम केले, त्याने अशा ठिकाणी ओरडायचे तरी कशासाठी?

"किती काढावं लागेल?"

"दोन्ही मिळून अडीच किलो. काउंटर बंद व्हायला अर्धा तास आहे. तिकडे बाकावर बसून काढा. माणसं आटोपली की मी बघते."

मी बाकावर बसलो आणि मोठी बॅग उघडली. आता तिच्यात काय होते आणि ते का होते, हे सांगणे भाग आहे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घेऊन त्याच्या नावाचे गहू वेगळे मोजतात. त्याला मूठ टाकणे म्हणतात. मूठ नावालाच, आमच्या घरी त्यासाठी पणजोबांच्या वेळचे पितळी माप आहे आणि ते चांगले खोल आहे. त्या गव्हाच्या पिठाचे रोट होतात, पुरण भरून भाजलेले. हे रोट भाऊबंदकीतच खायचे. बाहेरच्या माणसाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरातला. ज्याची पडली नाही तो वेगळा झाला, असे सारा गाव समजतो.

माझा धाकटा भाऊ रुपचंद याची मूठ सात वर्षे पडली नव्हती. वाटणीच्या वेळी सोनगीरच्या किल्ल्याखालचे आमचे शेत दोघांत विभागायचे होते. सरकारी मोजणी आणू, असे तो म्हणाला. घरात अभियंता असताना बाहेरचा माणूस कशाला, असे मी म्हणालो, आणि माझ्या साखळीने शेत मोजले. त्याच्या मते त्याची बाजू कमी भरली. चारचौघांत त्याने ते बोलून दाखवले. मग तो मुलांकडे हैदराबादला गेला आणि कानबाईला आलाच नाही. यंदा आषाढात तो पडला. मांडीचे हाड मोडले. अंथरुणावरून त्याने फोन केला आणि एवढेच म्हणाला, "नाना, यंदा मनी मूठ टाक. पोऱ्यासनी बी टाक." त्याची, दोन मुलांची आणि तीन नातवांची, अशा सहा मुठी आम्ही टाकल्या. तो येऊ शकत नव्हता. कुरियरने रोट पाठवणे माझ्या पत्नीला पटले नाही, मलाही नाही. परवा पौर्णिमा. यानंतरचे विमान पौर्णिमा उलटल्यावर. रेल्वेचे आरक्षण मिळाले नव्हते, आणि त्याशिवाय वेळेत पोहोचण्याची खात्री नव्हती. म्हणून मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानाचे तिकीट काढले.

हातातल्या बॅगेत सगळे रोटच होते, धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेले. मावले नाहीत ते मोठ्या बॅगेत, प्रसादाच्या नारळाशेजारी होते. बाकी दोन जोड कपडे, रुपचंदच्या सुनेसाठी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली साखळी.

तीच साखळी. तीस मीटरची, पोलादी कड्यांची, दर पाच मीटरला पितळी बिल्ला असलेली. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा लिलावात मी ती विकत घेतली होती. ती बॅगेत आहे हे पत्नीलाही ठाऊक नव्हते. रुपचंदच्या घरासमोर लांब व्हरांडा आहे, हे मी त्याच्या मुलाकडून बोलता बोलता काढून घेतले होते. त्या व्हरांड्यात साखळी पसरायची, शेजारी नवी पोलादी टेप लावायची, आणि अंथरुणातून त्याला दिसेल अशा रीतीने कडीन् कडी जुळवून दाखवायची, असे मी ठरवले होते. मोजणी बरोबर होती. आजही मी तेच म्हणतो.

प्रथम मी बिबडे काढले. मग कपडे काढले आणि एक सदरा अंगातल्या सदऱ्यावर चढवला, दुसरा त्यावर. पायजमा धोतरावर चढेना, तो गळ्यात उपरण्यासारखा घेतला. औषधे खिशात घातली. श्रावणातला दमट उकाडा होता. मानेवरून घाम ओघळू लागला. जास्तीचे रोट इकडून तिकडे करून मी हातातली बॅग बरोबर सातवर आणली. मोठी बॅग काट्यावर ठेवली. अजून एक किलो जास्त.

"बॅगच टाकून देतो," मी म्हणालो. "बॅगेचंच वजन चार किलो आहे. गोणीत भरतो सगळं."

"गोणीत लोखंड चालणार नाही, नाना. फाटली तर दुसऱ्यांच्या सामानाला लागेल."

हेही खरे होते. सदऱ्यांच्या खिशांत रोट भरण्याचा विचार मनात आला, आणि कमरेच्या चामडी पट्ट्याला लागून ते बाटतील हे ध्यानात येताच मी तो सोडून दिला.

मिसबाहने पंच्याचे टोक पाहिले. "खायचं आहे ना यात? एक किलोचा तर प्रश्न आहे. आमचा स्टाफ सकाळपासून उपाशी आहे, पाच मिनिटांत..." ती थांबली. माझा चेहरा पाहून थांबली असावी. "कानबाईचे रोट आहेत का?"

"तुला कसं ठाऊक?"

"आमच्या शेजारी बसते ना कानबाई. लहानपणी मी हट्ट केला होता. काकूंनी खीर दिली, लाह्या दिल्या, पण रोट नाही दिला. अम्मीने मला ओढत घरी नेलं." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "म्हणजे मलाही देता येणार नाही, कचऱ्यातही टाकता येणार नाही."

"नाही."

"तुम्ही खाऊ शकता?"

"मी घरातलाच आहे. पण हे माझ्या वाट्याचे नाहीत."

"मग हे लोखंड काढा," ती म्हणाली, इतक्या सहज की मला तिचा राग आला. "काय आहे ते? साखळीच ना? नंतर कुणी घेऊन जाईल."

"ती ठेवता येणार नाही."

"का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते, पण ते काउंटरवर सांगण्यासारखे नव्हते. मी पुन्हा बाकावर जाऊन बसलो. समोर काचेपलीकडे ते छोटे विमान उभे होते, पंखे थांबलेले. एकावर एक तीन सदरे आणि गळ्यात पायजमा अशा अवतारात मी एका बाजूला साखळी आणि दुसऱ्या बाजूला रोट ठेवून बसलो. एक किलो म्हणजे पाच-सहा रोट. सहा जणांच्या वाट्यातून तेवढे गेले तर कुणाच्या लक्षात येणार? माझ्या तर येणार. आणि रुपचंद विचारणारच की किती निघाले होते. तो विचारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हता. न सांगता कमी नेणे मला शक्य नव्हते. म्हणून मी त्याला फोन लावला. सात वर्षांत मी स्वतःहून लावलेला तो पहिला फोन.

"बठना का इमानमा?" त्याने लगेच अहिराणीत विचारले.

"नही रे. आठेच अडकी गऊ. सामान जास्त व्हयनं."

"मंग पैसा भर. तुले का कमी शे?"

"पैसा लेतस नही आज. एक किलो काढनं पडी. तुना रोटमातलं."

पलीकडे नातवंडांचा गोंगाट चालला होता. त्याने कुणाला तरी गप्प केले.

"सावद्याले मोजं व्हतं ना तू?"

"मोजं व्हतं."

"कोनी मोजं?"

"मीच."

"मंग कमीच भरी," रुपचंद म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होते की दुसरे काही, ते मला कळले नाही. काट्याची हकीकत, दांड्याचे वजन, गिरधरची चूक, हे सारे सांगता आले असते. ओठांपर्यंत आलेही होते.

"आखो काय शे बॅगमा?" त्याने विचारले.

"कपडा."

"कपडा अंगवर घाल."

"घाल्यात."

"आखो?"

मिसबाह दुरून माझ्याकडे पाहत होती. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवले.

"साखई शे ना?" रुपचंद म्हणाला.

माझा हात आपोआप साखळीवर गेला. टॉवेल बाजूला सरकला होता आणि एक पितळी बिल्ला वर आला होता.

"नाना, मी तुले मूठ टाक म्हनं," तो सावकाश म्हणाला, "आनि तू साखई लई ई राहिना."

"माप बरोबर व्हतं, रुपा."

"व्हई. मी ते इचारी नही राहिनू." पाय हलवला असावा. एक कण्हणे ऐकू आले. "पोरे कालदिनफाईन वाट दखी राहिनात. रोट बठ्ठा लई ये. एक बी कमी नको. लोखंडनं काय करानं, ते तुनं तू दख."

त्याने फोन ठेवला.

रुपचंदने मला मोकळे केले असते, म्हणजे 'खाय तठेच, चालस' एवढे म्हटले असते, तर मी तिथेच पाच-सहा रोट खाऊन साखळीसह विमानात बसलो असतो. ती वाट त्याने बंद केली. साखळीशिवाय त्याच्या दारात जायचे, म्हणजे तो चारचौघांत जे बोलला होता ते तसेच ठेवून जायचे. परत सोनगीरला जायचे, म्हणजे त्या सहा मुठी वाया. मी नियमांचा कागद पुन्हा एकदा वाचला. तांबड्या रेघा माझ्याच होत्या. त्यात माझ्यासाठी काही नव्हते.

उठलो. साखळी टॉवेलात बांधून काखेत घेतली. "ही इथे ठेवतेस का?" मी मिसबाहला विचारले.

"नाही, नाना. कुणाचं सामान असं ठेवून घेता येत नाही. सुरक्षेवाले मलाच विचारतील." तिने आवाज खाली केला. "बाहेर कुणाला देता येईल का बघा. बॅगा मी इथे सांभाळते. तिकीट हातात ठेवा, नाहीतर आत सोडणार नाहीत. आणि लवकर या. दहा मिनिटांच्या वर मी थांबवू शकत नाही."

"बॅगेला हात..."

"मी हात लावत नाही," ती म्हणाली. "कुणाला लावूही देत नाही. तुम्ही जा."

दारावरच्या जवानाने माझे तीन सदरे आणि गळ्यातला पायजमा नीट पाहून घेतला, तिकीट पाहिले आणि मला बाहेर सोडले. बाहेर ओळखीचे कुणी नव्हते. गाड्यांच्या जागेत एक कार, कुलूप लावलेली. कुंपणापाशी साखळी ठेवावी तर जवानाची नजर माझ्या काखेवरच होती. तेवढ्यात एक रिक्षा प्रवासी उतरवून वळत होती. मी हात केला.

"जळगाव, नाना? बसा. स्टेशन की बसस्टँड?" रिक्षावाला तिशीतला होता. रिक्षाच्या पुढच्या काचेवर अरशद असे रंगवलेले होते.

"मला कुठे जायचं नाही. ही वस्तू ठेव."

"कुठं पोचवायची?"

सोनगीर म्हणण्यासाठी मी तोंड उघडले. नव्वद किलोमीटर रिक्षा कोण नेणार? गिरधरच्या वखारीचा पत्ता सांगता आला असता. पण तिथून ती पुन्हा माझ्याकडे आली असती, आणि मी ती पुन्हा बॅगेत घातली असती, हे मला तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसले.

"कुठेही नाही. तूच ठेव."

त्याने संशयाने टॉवेल उलगडला. कड्या खळखळत सीटवर पसरल्या. तो बिल्ले उलटसुलट करून पाहत राहिला. प्रत्येक बिल्ल्याला दाते होते. एकाला एक, दुसऱ्याला दोन. ते का असतात आणि त्यावरून पाच-पाच मीटर कसे मोजायचे, हे मी किती तरी मुकादमांना आणि कनिष्ठ अभियंत्यांना समजावून दिले होते. शेताच्या बांधावर उभे राहून रुपचंदलाही एकदा.

"चोरीची नाही ना?"

"माझी आहे."

"लांब आहे भरपूर." त्याने एक टोक हातात घेऊन ताणून पाहिले. "घुंगरंपण लावलीत. मामूकडे बैलजोडी आहे, त्याला देतो. बैल बांधायचीच आहे ना ही?"

आतून माझ्या विमानाचे काउंटर बंद होत असल्याची सूचना ऐकू आली. आधी इंग्रजीत, मग हिंदीत.

"हो," मी म्हणालो. "बैल बांधायचीच."

तो साखळी गोळा करून सीटखाली सारू लागला. मी तिकीट पुढे धरून दाराकडे वळलो.